अंगकोरची उतरती कळा आणि एक चिनी पाहुणा

आजच्या कंबोडियातलं ख्मेर साम्राज्य, ज्याची राजधानी अंगकोर, कसं ढासळलं हे सांगताना झोऊ दाग्वान या चिनी प्रवाशाच्या वृत्तांताचा हवाला हमखास दिला जातो. गंमत म्हणजे त्याला स्वतःला तिथे पडझड दिसलीच नव्हती. कुबलाई खानाचा नातू, चीनचा मंगोल सम्राट तैमूर खान याने पाठवलेल्या शिष्टमंडळातून हा वेनझोऊचा माणूस ऑगस्ट १२९६ मध्ये अंगकोरला पोचला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. चिनी लोक या देशाला चेनला म्हणत. सोन्याने मढवलेले मनोरे पाहूनच परदेशी व्यापारी ‘श्रीमंत चेनला’ म्हणत असावेत, असं तो लिहितो. शेतात वर्षाला तीन-चार पिकं. बाजार सगळा बायकांच्या हाती. हस्तिदंत, मेण आणि खंड्याची पिसं चीनकडे जात, तिकडून रेशीम येई. चिनी खलाशी तर जहाज सोडून इथेच संसार थाटत, कारण तांदूळ मुबलक आणि बायकोही सहज मिळे.

खरी मेख त्याच्या जाता जाता केलेल्या नोंदींत आहे. सयामशी (आजचं थायलंड) नुकत्याच झालेल्या लढाईत मुलूख उजाड झाला होता. गादीवरचा राजा म्हातार्‍या राजाचा जावई. मुलीने बापाची सोन्याची तलवार चोरून नवर्‍याला दिली. मेहुण्याने बंडाची तयारी केली, तेव्हा नव्या राजाने त्याच्या पायाची बोटं छाटून त्याला अंधारकोठडीत टाकलं. सुरी किंवा बाण लागू नये म्हणून या राजाने अंगात मंतरलेलं लोखंड बसवून घेतलं होतं, आणि त्याच भरवशावर तो बाहेर पडे. दरबाराची श्रीमंती कितीही असो, गादी स्थिर नव्हती, हे एवढ्यावरून कळतं.

पिवळी वस्त्रं नेसणारे, मुंडन केलेले भिक्षूही त्याने पाहिले. हा थेरवाद, म्हणजे पाली ग्रंथांना मानणारा बौद्ध पंथ. अंगकोरमधला सर्वांत जुना पाली शिलालेख १३०९ च्या सुमाराचा आहे. देवराजासाठी, म्हणजे देवाचं रूप मानलेल्या राजासाठी, डोंगराएवढी दगडी देवळं रचणारी जुनी श्रद्धा तेव्हा ओसरत चालली होती. पुढच्या शतकातले दुष्काळ आणि बेफाम पाऊस, ज्यांच्या खुणा व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या खोडांत सापडल्या, ते अर्थातच त्याच्या वाट्याला आले नाहीत.

१४३१ मध्ये अयुथ्थया या सयामी राज्याने अंगकोर घेतलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पण चीनच्या मिंग दरबाराच्या इतिहासात चेनलाचे दूत त्यानंतरही येताना दिसतात. १४५० च्या दशकानंतर मात्र त्यांचं येणं नेमाचं राहिलं नाही, एवढंच तिथे लिहिलं आहे.