सशाचं रक्त, कोकेन आणि कुत्र्याचं नाक

डेन्मार्कच्या राजाने दुसऱ्या महायुद्धात ज्यूंसाठी स्वतःच्या कोटावर पिवळा तारा (नाझींनी ज्यूंवर लादलेली ओळखखूण) लावला, हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला. गोष्ट गोड आहे, पण खोटी. डेन्मार्कमधल्या ज्यूंवर ताऱ्याची सक्ती झालीच नव्हती, मग राजा तो कशाला लावेल? खरी गोष्ट साध्या माणसांची आहे. आणि मला विचाराल तर तिच्यातली खरी गंमत कुत्र्याच्या नाकात आहे.

ऑक्टोबर १९४३. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता; ते ज्यूंची धरपकड करणार ही बातमी आधीच फुटली. शेजाऱ्यांनी घरात, डॉक्टरांनी इस्पितळात ज्यूंना लपवलं. मग कोळ्यांनी होड्यांच्या पोटात दडवून सुमारे ७२०० जणांना स्वीडनला पोचवलं. (काहींनी भाडं भरपूर उकळलं, तेही खरं.) डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या हेल्सिंगोर गावापाशी समुद्र जेमतेम ४ किलोमीटर रुंद. पण जर्मन शिपाई होड्या तपासायला कुत्रे आणू लागले. मासळीच्या वासाने शिपाई फसेल, कुत्रा नाही. त्याला मासा वेगळा कळतो, माणूस वेगळा.

यावर स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तोड काढली: सशाचं वाळवलेलं रक्त आणि कोकेन, रुमालावर. रक्ताच्या ओढीने कुत्रा नाक खुपसून हुंगतो आणि कोकेन आत ओढतो. त्याला नशा चढवायची नव्हती. नाकाला भूल द्यायची होती. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनची हीच करामत दाखवली होती. कोलर स्वतः ज्यू. पुढे ज्यू म्हणून शिवी ऐकल्यावरून त्याला द्वंद्वही लढावं लागलं.

वास म्हणजे अखेर विजेचा निरोप. गंधाचा रेणू नाकातल्या चेतापेशीला चिकटला की पेशी चाळवते, तिच्या पटलावरची सोडियमची दारं उघडतात, धनभारित आयन आत घुसतात आणि लाट मेंदूकडे धावते. कोकेन ही दारं अडवतं, तेही आतून! त्याचा भाररहित रेणू स्निग्ध पटलातून अलगद पार होतो, आत प्रोटॉन चिकटून धनभारित होतो आणि दारात बोळ्यासारखा अडकतो. शिवाय कोकेनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ते लवकर वाहूनही जात नाही. दाढ काढताना गाल लाकडासारखा होतो ना, तेच इथे नाकाचं. गंध येतो, चिकटतो, पण निरोप पुढे जात नाही.

तपासणीची वेळ आली की रुमाल नकळत पडल्यासारखा डेकवर टाकायचा. कुत्रा तो मन लावून हुंगायचा आणि फळ्यांवरून हिंडत राहायचा. त्याच फळ्यांखाली माणसं दाटीवाटीने पडलेली असायची.