भंडारा उधळला की व्हिडिओ का फुटतो?

आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाच्यानं पालखीचा व्हिडिओ घेतला. सुरुवातीला सगळं लख्ख दिसत होतं. ढोलावर पडणारी टिपरी, वाजवणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, सगळं. मग भंडाऱ्याच्या मुठी वर गेल्या नि पडद्यावर पिवळे चौकोनच चौकोन. चेहरे मेण वितळल्यागत. "मामा, हे असं का दिसूलंय? कॅमेऱ्यात भंडारा गेला काय?" लेन्सवर थोडा बसला होता, तो पुसला. पण दोष त्याचा नव्हता.

आधी जरा हिशेब करू. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एक चित्र ६ एमबीचं. सेकंदाला अशी ३० चित्रं, म्हणजे मिनिटाला ११ जीबी! प्रत्यक्षात फोन तेच मिनिट सव्वाशे एमबीच्या आसपास बसवतो. बाकीचं जातं कुठं?

फोन प्रत्येक चित्र नव्यानं लिहीतच नाही. बहुतेक फोन सेकंदाला साधारण एकच चित्र पूर्ण साठवतात. मधल्या चित्रांसाठी फक्त बदल टिपून ठेवतात. व्हिडिओ दाबून लहान करायच्या, २००३ साली आलेल्या एच.२६४ पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठं सापडतो ते शोधतात. मागची भिंत जागच्या जागी. ढोल जरा डावीकडं सरकला, एवढंच लिहायचं. आपल्या तलाठ्यानं दरवर्षी अख्खा उतारा न लिहिता फक्त फेरफार नोंदवावेत, तसं.

आता भंडारा घ्या. हळदीचा प्रत्येक कण आपल्या वाटेनं उडतो. आत्ताचा चौकोन आधीच्या चित्रात कुठंच सापडत नाही, कारण तो नव्हताच. सगळीकडं एकाच वेळी फेरफार! सेकंदाला किती डेटा लिहायचा याला मर्यादा असते, आणि फोनला एका चित्रामागं मिळतो सेकंदाचा तिसावा भाग. मग तो बारकावे खोडतो.

ते खोडण्यामागचं गणित आपल्या कर्नाटकातल्या माणसाचं आहे, हे इथं कुणाला फारसं माहीत नसतं. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' मांडला. चित्राचा चौकोन म्हणजे जाड आणि बारीक लहरींची बेरीज, असं धरायचं. डोळ्याला बारीक लहरी कमी जाणवतात. जागा कमी पडली की पहिली कात्री त्यांना. एरवी हे खपून जातं. पण उडणारा भंडारा म्हणजे निव्वळ बारीक लहरी! त्या गेल्या की मागं उरतो सपाट पिवळा चौकोन. गोकाकच्या धबधब्याचे तुषार नि मुसळधार पाऊस यांचीही हीच गत.

उपाय आहेत, पण अर्धेमुर्धे. फोन हातात नाचवू नका, कठड्याला टेकवा. मागचं चित्र स्थिर राहिलं तर वाचलेला डेटा भंडाऱ्याला मिळतो. सेटिंगमध्ये फोर-के असेल तर घ्या, त्याला डेटाची मर्यादा मोठी असते. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे हातानं सेटिंग करायची सोय असेल तर शटर, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० मध्ये त्यांचे बरोबर दोन हेलकावे बसतात नि पडद्यावर पट्टे फिरत नाहीत. शिवाय कण जरा पुसट होऊन धुक्यासारखे दिसतात, ते दाबायलाही सोपे. भर उन्हात मात्र १/५० ला चित्र पांढरंफटक पडतं, तेव्हा हे रात्रीच्या पालखीपुरतं.

खरी वाट लागते ती नंतर. व्हॉट्सअॅप स्टेटसला लावताना व्हिडिओ परत दाबला जातो. कुणीतरी त्याचा स्क्रीन रेकॉर्ड करून आपल्या स्टेटसला लावतो, की तिसऱ्यांदा. दरवेळी आधीच्या चौकोनांवर नवे चौकोन. एडिटिंग अॅपमधून फाइल काढतानाही बहुतेक वेळा हेच होतं. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आहे तशी फाइल जाते.

भाच्याला म्हटलं, मूळ व्हिडिओ पाठव, फोनवर तो बराच बरा दिसत असेल. तर स्टोरेज भरलं म्हणून त्यानं आदल्या रात्रीच पुसलेला. उरला तो स्टेटसवरचा, त्याचेही पाच तासच शिल्लक होते.