संकटबत्ती, नौदल वैमानिकांची (दुसरे महायुद्ध)

समुद्रात उतरावे लागलेल्या वैमानिकाने रात्री आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी जीवरक्षक जाकिटावर बाळगायची विजेची लहान बत्ती. दिवसा आरसा आणि पाण्यावर पसरणारा हिरवट रंग ही साधने असत. अंधारात मात्र बत्ती आणि शिट्टी यांवरच भिस्त असे. 20 जून 1944 च्या रात्री फिलिपीन समुद्रातील लढाईनंतर इंधन संपल्याने व उतरताना झालेल्या अपघातांत अमेरिकेची सुमारे 80 विमाने गेली. त्यांतील बहुतेक वैमानिक व सहकारी विनाशिकांनी पाण्यातून उचलले, तेव्हा या साधनांचे महत्त्व दिसून आले.

संग्राहक त्या काळच्या वैमानिकाचा पोशाख मांडतात, त्या मांडणीत कालविसंगती शिरते ती बहुधा या बत्तीतूनच. अमेरिकी नौदलात 1941–45 या काळात प्रचलित असलेला नमुना साधा आहे : एका सेलचा प्लास्टिकचा दंडगोल, पारदर्शक टोपण, आत तारेचा बारीक दिवा आणि ‘मे वेस्ट’ या फुगवता येणाऱ्या जीवरक्षक जाकिटाला अडकवण्यासाठी पाठीमागे पिन. प्रकाश स्थिर व मंद. याऐवजी लखलखणारी बत्ती लावलेली दिसली, तर मांडणी चुकली असे खुशाल समजावे.

या लखलखणाऱ्या बत्तीच्या उगमाविषयी मात्र मतभेद आढळतात. हॅरल्ड एजर्टन यांनी विद्युत् स्फुरदीपाचे (क्षणभर लखलखणाऱ्या दिव्याचे) तंत्र 1930 च्या दशकातच विकसित केले होते आणि युद्धकाळात विमानातून रात्रीची छायाचित्रे घेण्यासाठी ते वापरलेही गेले. त्यावरून वैमानिकाजवळही अशी बत्ती असू शकेल, असा युक्तिवाद केला जातो. तो फारसा टिकत नाही. छायाचित्रणाची ती सामग्री विमानातच बसवावी लागे इतकी अवजड होती. स्फुरदीपाच्या वायूने भरलेल्या नळीला शेकडो व्होल्टचा विद्युत् दाब लागतो. सेलच्या अल्प दाबातून तो खिशात मावेल अशा विद्युत् मंडलाने (सर्किटने) मिळवणे व्यवहार्य झाले ते ट्रान्झिस्टरनंतर, आणि ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर 1947 चा. संग्राहकांच्या बाजारात सर्रास मिळणारी एसडीयू-5/ई ही लखलखणारी बत्ती व्हिएतनाम युद्धाच्या काळातील होय. बंदुकीच्या जाळाशी गल्लत होऊ नये म्हणून तिच्यावर निळे आवरण चढवीत.

एका सेलच्या बत्तीची कालनिश्चिती अधिक अवघड आहे, कारण हा नमुना युद्धानंतरही बनत राहिला. केवळ घडण पाहून निर्णय करण्यापेक्षा ठशावरील अक्षरे वाचणे श्रेयस्कर. ‘एनएक्सएस’ वा ‘एनएक्सएसएक्स’ ने सुरू होणारा कंत्राट क्रमांक युद्धकाळाकडे निर्देश करतो. ‘ब्यूरो ऑफ एरोनॉटिक्स’ हे नौदलाच्या विमानविषयक विभागाचे नाव 1921 ते 1959 असे दीर्घकाळ चालू होते, त्यामुळे ते एकटे पुरेसे नाही. त्याच्या जागी आलेल्या ‘ब्यूरो ऑफ नेव्हल वेपन्स’चे नाव असल्यास वस्तू 1959 नंतरची ठरते. ‘यूएसएएफ’ (अमेरिकी हवाई दल) हा ठसा 1947 पूर्वी संभवत नाही. सरकारी पुरवठ्यातील वस्तूंना दिलेला अकरा अंकी संघीय साठा क्रमांक युद्धोत्तर आहे, तर तेरा अंकी राष्ट्रीय साठा क्रमांक 1974 पासूनचा. तटरक्षक दलाच्या मान्यतेचा क्रमांक असेल, तर बत्ती मूळची व्यापारी जहाजावरील खलाशाची असण्याची शक्यता अधिक. अशी बत्ती काळाला धरून असली, तरी वैमानिकाच्या छातीवर शोभत नाही.

सेलही पाहावा. त्या काळी जस्त-कार्बनचा कोरडा सेल असे. अल्कलाइन सेल बाजारात आले ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस. जुन्या सेलचे जस्ताचे कवच खात जाऊन आतील नवसागराचा लगदा बाहेर येतो व संपर्कपट्ट्यांवर हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसते. त्यामुळे बत्ती रिकामी ठेवून मांडणेच इष्ट.

ब्रिटनच्या फ्लीट एअर आर्मचे (नौदलाच्या हवाई शाखेचे) वैमानिक मुख्यतः रॉयल एअर फोर्सच्या नमुन्याची जाकिटे वापरीत. त्यांच्यावर अमेरिकी बत्ती चालत नाही. भारतीय नौदलाचा पहिला हवाई तळ, कोचीचा ‘गरुड’, 1953 चा असल्याने 1971 च्या युद्धातील ‘विक्रांत’वरील वैमानिकाच्या पोशाखाला वरील निकष लावता येत नाहीत.