५३५चं किट बसवलं, आता पाईप कोणता?

रॉयल एन्फिल्ड क्लासिक ५०० ला ५३५ सीसीचं किट, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन, बसवणारे हौशी बरेच आहेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिमीवरून ८७ मिमी होतो, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमीच राहतो. २०१३ साली आलेल्या कॉन्टिनेंटल जीटीत कंपनीनेही हेच माप वापरलं होतं. किट बसलं की पुढची मागणी ठरलेली असते: इंजिन मोठं झालं, आता धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट पाईपही जाड टाका. पैसा वाया जातो तो इथे.

४९९ सीसीचं ५३५ झालं म्हणजे वाढ साधारण ७ टक्के. जळालेला वायू पूर्वीच्याच वेगाने बाहेर जायला हवा असेल, तर पाईपचं छेदक्षेत्र ७ टक्के वाढलं की झालं. व्यास त्याहून कमी वाढतो, जेमतेम साडेतीन टक्के. इंजिनातून निघणारा बेंड पाईप आतून ४० मिमीचा असेल तर गरज आहे ४१.४ मिमीची. त्याऐवजी ५० मिमीचा टाकला की वायूचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने पडतो.

या वेगाचं एवढं काय? पिस्टन तळाशी पोचण्याआधीच एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचा वायू उसळून पाईपमध्ये घुसतो. वेगात निघालेला हा वायूचा स्तंभ आपल्यामागे उरलेला धूर ओढून नेतो. शिवाय त्याच्याही पुढे दाबाची एक लाट धावते. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० मीटर असतो. पाईप जिथे सायलेन्सरच्या मोकळ्या पोटात उघडतो, तिथून या लाटेचा काही भाग उलटा होऊन परततो: गेला तो जास्त दाब, आला तो कमी दाब. इनटेक वॉल्व्ह नुकताच उघडलाय, एक्झॉस्ट अजून मिटायचाय, नेमक्या त्या क्षणी हा कमी दाब पोचला, तर पिस्टनने ओढायच्या आधीच हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत खेचलं जातं. फुकटात मिळणारी ही भर मला सगळ्या एक्झॉस्टशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण ती सगळ्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळत नाही. ८० सेंमीच्या पाईपमध्ये लाटेच्या जाऊन-येऊन प्रवासाला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ५,००० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, ८७ अंश फिरतो, २,५०० ला त्याच्या निम्मा. म्हणून पाईपची लांबी कुठल्यातरी एका पट्ट्यालाच मानवते. आता हे बघा: क्लासिक ५०० चा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,००० आरपीएमला आणि ५३५ चाही ४,००० लाच. पट्टा हललेला नाही, तर लांबीला हात लावायचं कारण नाही. कॅम (वॉल्व्ह उघडणारा भाग) बदलून इंजिन वरच्या आरपीएमला नेलं असेल, तरच आखूड पाईपचा विचार करावा.

‘बॅकप्रेशर गेलं की पिकअप जातो’ हे गॅरेजमधलं वाक्य अनुभवाने खरं आहे, कारण मात्र वेगळं. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. जाड, आखूड पाईपने वायूचा वेग आणि लाटेची वेळ बिघडते, म्हणून खालचा टॉर्क मरतो.

पाईपइतकंच महत्त्व इंधनाला. ऑक्सिजन सेन्सर हलक्या थ्रॉटलवर मिश्रण सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, इंधनाच्या साठवलेल्या नकाशावर चालतो, आणि तो नकाशा जुन्या इंजिनाचा आहे. प्लग पांढराफटक दिसला तर मिश्रण पातळ पडतंय (पेट्रोल कमी पडतंय), पिस्टन तापतोय. ट्यूनिंगचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात सायलेन्सर घ्या.

आवाजाचंही भान हवंच. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेत. आणि आतून सगळं जाळीकाम काढून टाकलेला सायलेन्सर फक्त कान फोडतो, ताकद देतोच असं नाही.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा, तोही तुमच्याच किटवरचा. कमाल बीएचपीचा आकडा सोडून २,५०० ते ४,५०० आरपीएममधली टॉर्कची रेघ बघा. तिथे खड्डा असेल तर घाटात रोज तिसरा गिअर टाकावा लागेल.