मानसिक चाचण्यांत तरुणांचे ‘सर्वसाधारण’ गुण ठरले कसे?

आकडे ऐकायचे आणि त्याच क्रमाने परत म्हणायचे, ही साधी चाचणी जोसेफ जेकब्ज यांनी १८८७ मध्ये लंडनमधल्या शाळकरी मुलींवर करून पाहिली. वय वाढेल तसे लक्षात राहणारे आकडेही वाढतात, असे त्यांना आढळले. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीचे चांगले गुण अठरा वर्षांच्या मुलीला कमी ठरू शकतात. तुलना समवयस्कांशीच हवी.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०८ मध्ये आपल्या बुद्धिमापन चाचणीत हेच तत्त्व पद्धतशीर वापरले. एखाद्या वयाच्या बहुतेक मुलांना जे जमते, तो प्रश्न त्या वयाचा. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, दोन आकडे परत म्हणावेत. पण हे ‘बहुतेक’ कोण? बिने यांची मुले मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या शाळांमधली होती. ब्रसेल्सच्या एका खासगी शाळेत त्याच चाचण्या घेतल्या, तेव्हा तिथली सुखवस्तू घरांतली मुले साधारण दीड वर्षाने पुढे निघाली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची नोंद वाटते. तरीही १९४९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीची प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीचे ‘सर्वसाधारण’ गुण, २,२०० अमेरिकी मुलांवरून ठरली, आणि ती सगळी गोरी होती.

१९७५ मध्ये आलेली ३० गुणांची छोटी मानसिक स्थिती चाचणी (एमएमएसई; स्मरण, स्थळकाळाचे भान वगैरे तपासणारी) मुळात रुग्णांसाठी होती. धडधाकट तरुणांना तिच्यात किती गुण मिळतात, याचा मोठा तक्ता १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांवरून तयार झाला. १८ ते २४ वयोगटाचा मध्यक (चढत्या क्रमातले मधले गुण) २९ निघाला. विशीतल्या कुणाला २५ गुण मिळाले, तर २४ किंवा अधिक म्हणजे ठीक, या रूढ सीमेनुसार तो ‘ठीक’ ठरतो, पण समवयस्कांच्या तो बराच मागे असतो. शिक्षणाचा फरक तर त्याहून मोठा: नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यक २९, चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. शाळेत जायला न मिळालेल्या तरुणाला केवळ वयाच्या रकान्यावरून जोखणे अन्यायाचे आहे.

शिवाय तक्ते जुने होतात. १९३२ ते १९७८ दरम्यान अमेरिकेत बुद्धिमापनाचे सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले. जुन्या प्रमाणकांवर मोजलेली नवी पिढी म्हणूनच आहे त्यापेक्षा हुशार दिसते.