मॅरेथॉनमध्ये ‘जितकं जास्त पाणी, तितकं चांगलं’ हे खरं आहे का?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की हा सल्ला फिरू लागतो: तहान लागायची वाट पाहू नका, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी प्या. मुंबईची दमट हवा बघता तो पटण्यासारखाही आहे.

पण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. गेलेल्या घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, की रक्तातल्या सोडियमचं, म्हणजे मिठातल्या एका घटकाचं, प्रमाण घसरतं. एरवी ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं. त्याखाली गेलं की मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. फारच घसरलं तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेततं. धोका जास्त कुणाला? वेगवान धावपटूंना नव्हे, तर ४२.१९५ किलोमीटरला पाच-सहा तास घेणाऱ्यांना. त्यांचा घाम बेताचा आणि प्यायला वेळच वेळ. पेडर रोडच्या चढावर असा कुणी भेलकांडला, की आजूबाजूचे चांगल्या मनाने त्याला आणखी पाणी पाजतात. नेमकं तेच नको असतं. आधी वैद्यकीय मदत बोलवावी.

स्वतःपुरतं तपासणं सोपं आहे. सरावाच्या लांब पल्ल्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. थोडं घटणं ठीकच; वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. तहानेप्रमाणे प्यायलं तरी बहुतेकांचं भागतं. मीठ-साखरेचं पाणीही ढोसू नये, कारण त्यातलं सोडियम रक्तापेक्षा बरंच कमी असतं.