नववी-दहावीची प्रयोगपेटी: पालकांसाठी थोडी माहिती

पेटी बघायला आलेले पालक बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात, "याने मार्क वाढतील का?" राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान भाग 1 चा पेपर 40 गुणांचा. त्यातही रसायनशास्त्र बरीच जागा खातं. पेटी आणली की गुण वाढलेच, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. 'रोध म्हणजे काय' याची व्याख्या तुमच्या मुलाला पाठ असते, पण रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजलेला नसतो. पेटी त्यासाठी आहे.

नववीत गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, आरसे आणि ध्वनी. दहावीत गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगं आणि शेवटी अवकाश मोहिमा. यातलं सगळं पेटीत मावत नाही. मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला 11.2 किलोमीटर, तो पुस्तकातच वाचावा लागेल.

सुरुवात भिंगापासून करा. पेटीतलं बहिर्वक्र भिंग घ्या, खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि भिंग हळूहळू मागे-पुढे करा. साधारण 10 सेंटिमीटरवर समोरचं झाड कागदावर उमटतं, रंगांसकट आणि उलटं. हेच नाभीय अंतर. आता आजीचा वाचायचा चष्मा मागून आणा. नंबर +2 असेल तर तेच चित्र भिंतीपासून अर्ध्या मीटरवर मिळेल, कारण चष्म्याचा नंबर म्हणजे 1 भागिले मीटरमधलं नाभीय अंतर. खोलीत थोडा अंधार करा, चित्र फिकट असतं. मग मुलाने स्वतःचा मायनस नंबरचा चष्मा धरून बघावा. कितीही सरकवला तरी कागदावर काहीच येत नाही. का येत नाही, हे त्यालाच सांगू द्या. निकटदृष्टितेचा, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा, धडा तिथेच सुरू होतो. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही.

ओहमच्या नियमासाठी निक्रोमची तार, अ‍ॅमीटर, व्होल्टमीटर आणि तीन सेल दिले आहेत. एक सेल जोडला की व्होल्टमीटर 1.5 ऐवजी 1.4 दाखवतो, आणि मुलं वहीत 1.5 लिहून मोकळी होतात. असं करू देऊ नका. सेलला स्वतःचाही थोडा रोध असतो, म्हणून आकडा खाली येतो. 1.4 व्होल्टला 0.28 अँपिअर आणि 2.8 व्होल्टला 0.56 अँपिअर आले, तर व्होल्ट भागिले अँपिअर हा भागाकार दोन्ही वेळा 5 ओहमच येतो, तोच तारेचा रोध. आकडे इतके गुळगुळीत नेहमी येणार नाहीत, 4.9 किंवा 5.1 आला तरी प्रयोग चुकलेला नाही. तिसरा सेल जोडल्यावर तार कोमट लागते. बटण चालू ठेवून जेवायला जाऊ नये, सेल उतरतात. पेटीतली कुठलीही वस्तू घरातल्या प्लगला जोडायची नाही, हे मुलाला समोर बसवून सांगा.

प्लगकडे नुसतं बघूनही बरंच शिकता येतं. गिझरवर 2000 वॅट लिहिलेलं असतं. 230 व्होल्टने भागलं की जवळजवळ 8.7 अँपिअर येतात, म्हणून त्याला मोठा प्लग लागतो. तोच गिझर अर्धा तास चालला की वीजबिलात एक युनिट पडतं. बिल मुलाच्या हातात द्या, हिशोब तोच करेल.

उष्णतेसाठी फक्त तापमापी दिली आहे, बर्फ घरचा. वितळणाऱ्या बर्फात ती ठेवून ढवळत राहा. शेवटचा खडा विरेपर्यंत पारा शून्याच्या आसपासच अडून बसतो. ध्वनीला तर काहीच लागत नाही. शाळेच्या मोकळ्या भिंतीपासून 25-30 पावलांवर उभं राहून टाळी वाजवा. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत निदान 17.2 मीटर दूर लागते, हे नववीच्या पुस्तकातच आहे.

आमच्या पहिल्या पेट्यांत प्लास्टिकची भिंगं होती, त्यांवर लवकर चरे पडायचे. आता काचेची देतो. ज्यांच्याकडे जुनी पेटी आहे त्यांनी भिंग घेऊन दुकानात यावं, बदलून मिळेल. सेल आणि निक्रोमची तार सुटीही मिळते. पूर्ण पेटी पुन्हा घ्यायची गरज नाही.